पार्श्वभूमी : जोडरस्ता आणि ‘बाहेरची’ वाहतूक

दोन वसाहतींमधली भिंत किंवा मोकळी पट्टी काढून तिथे रस्ता जोडायचा ठरला, की वाद ठरलेल्या वाटेने जातो. एक बाजू म्हणते, वळसा वाचेल. दुसरी म्हणते, आमच्या दारातून बाहेरची वाहतूक जाईल. आकडे दोघांकडेही असतात आणि बहुधा दोघांचेही खरे असतात. घोळ ‘बाहेरची’ या शब्दात आहे.

घरांपुढचे रस्ते मुद्दाम तोडून ठेवण्याची कल्पना फार जुनी नाही. इंग्लंडमध्ये लंडनजवळच्या एका उद्यान-उपनगरासाठी 1906 साली खास कायदा झाला आणि त्यात बंद गल्ल्यांना मुभा मिळाली. त्याआधीचे नियम रस्ता आरपार असण्याकडे झुकलेले होते, कारण बंद बोळ म्हणजे कोंदट हवा आणि रोगराई असे समीकरण होते. अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या रॅडबर्नची आखणी 1929 ची. मोटारी एका बाजूने, पायवाटा दुसऱ्या बाजूने आणि घरे बंद गल्ल्यांच्या कडेने. पुढे गृहकर्जांना सरकारी हमी मिळू लागली तशी ही आखणी ‘चांगल्या वसाहती’चा नमुना ठरली आणि रॅडबर्नसारख्या पायवाटा मात्र नकलांमधून बहुतेक ठिकाणी गळून पडल्या. राहिल्या त्या फक्त बंद गल्ल्या.

या आखणीला तात्त्विक बैठक मिळाली ती 1963 च्या ब्रिटिश अहवालाने. शहर म्हणजे घर, मोठे रस्ते म्हणजे पॅसेज आणि वस्त्या म्हणजे खोल्या, असे त्यात मांडले होते. खोलीत कामापुरते यावे, पलीकडे जायला पॅसेज वापरावा. सॅन फ्रान्सिस्कोतल्या 1969 च्या एका पाहणीने याला माणसांचा चेहरा दिला. एकमेकांसारख्याच तीन रस्त्यांवर दिवसाला अनुक्रमे सुमारे 2,000, 8,000 आणि 16,000 वाहने जात होती. कमी वाहतुकीच्या रस्त्यावरच्या रहिवाशांना त्याच रस्त्यावर सरासरी 3 मित्र होते, जास्त वाहतुकीच्या रस्त्यावर 1 सुद्धा भरत नव्हता. नव्या जोडरस्त्याविरुद्ध बोलणारे आजही ही पाहणी पुढे करतात. पण ती तीन वेगवेगळ्या रस्त्यांची तुलना होती. एकाच रस्त्यावर वाहतूक वाढल्यावर काय घडते, हे तिने मोजले नव्हते.

आता त्या शब्दाकडे. ‘बाहेरची’ किंवा आरपार वाहतूक म्हणजे वस्तीत काही काम नसताना तिच्यातून जाणारी वाहने. ऐकायला सोपे, मोजायला अवघड. जुनी पद्धत अशी : वस्तीभोवती काल्पनिक कुंपण आखायचे, प्रत्येक तोंडाशी माणूस बसवायचा, नंबरप्लेट आणि वेळ टिपायची. एका तोंडाने आत आलेली गाडी ठरावीक मिनिटांत दुसऱ्या तोंडाने बाहेर पडली, तर ती बाहेरची. ही मिनिटे किती, हे मोजणारा ठरवतो. कमी ठेवली तर गर्दीच्या वेळी आत रखडलेली आडवाटेची गाडी निसटते. जास्त ठेवली तर मुलाला शाळेच्या फाटकात सोडून लगेच निघालेला बापही बाहेरचा ठरतो. आता माणसांऐवजी कॅमेरे बसतात, पण मिनिटांचा प्रश्न तसाच राहतो.

त्याहून मोठा प्रश्न कुंपणाचा. समजा, पलीकडच्या वसाहतीतली बाई नव्या जोडरस्त्याने आपल्या वसाहतीतून हमरस्त्याला लागली. कुंपण फक्त आपल्या वसाहतीभोवती असेल तर ती परकी. दोन्ही वसाहतींना मिळून एकच कुंपण आखले, तर तिची फेरी घरातून निघालेली, म्हणजे आतली. गाडी तीच, रस्ता तोच, धूरही तेवढाच. रस्ता जोडला जातो त्या दिवसापासून वस्तीची हद्द नेमकी कुठे, हेच संदिग्ध होते. तरीही बहुतेक अहवाल आधीच्या मोजणीचे कुंपण नंतरच्या मोजणीला तसेच लावतात. मग ‘बाहेरची वाहतूक इतके टक्के वाढली’ असा निष्कर्ष निघतो, आणि त्या टक्क्यांत शेजारी किती आणि खरे परके किती हे कोणी वेगळे करत नाही. माझ्या मते हा फरक न सांगणारी मोजणी सभेत मांडूच नये.

थोडा हिशेब करू. अमेरिकी नियोजनात एका स्वतंत्र घरामागे दिवसाला 9 ते 10 वाहनफेऱ्या धरण्याची पद्धत आहे. 300 घरांच्या आणि एकाच तोंडाच्या वसाहतीत त्या तोंडाशी राहणाऱ्यांच्या दारावरून रोज 2,700 ते 3,000 फेऱ्या जातात, आणि त्या सगळ्या ‘आपल्याच’ असतात. दुसरीकडे रस्ता जोडला आणि निम्म्या फेऱ्या तिकडे वळल्या, तर जुन्या तोंडाचा भार निम्मा होतो. नव्या टोकाला मात्र शून्यावरून हजाराच्या पुढे उडी. ज्याच्या दारात शून्याचे हजार झाले तो सभेत पहिल्या रांगेत असतो. ज्याचे तीन हजारांचे दीड हजार झाले, त्याला सभा आहे हे ठाऊकही नसते.

हेच कोडे नियमात बांधण्याचा ठळक प्रयत्न अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात झाला. तिथे काउंट्यांमधले, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या विभागांतले, बहुतेक अंतर्गत रस्ते राज्य सांभाळते. विकासकाने वसाहत बांधायची, रस्ते राज्याच्या गळ्यात घालायचे आणि प्रत्येक वसाहतीची रहदारी एकाच हमरस्त्यावर ओतायची, हे वर्षानुवर्षे चालले. 2009 साली नियम आला : रस्ते शेजारच्या जाळ्याला जोडलेले असतील तरच देखभाल मिळेल. मोजमाप म्हणून एक निर्देशांक ठरला. रस्त्यांच्या तुकड्यांची संख्या भागिले चौक आणि बंद टोके यांची संख्या. झाडाच्या फांद्यांसारख्या वसाहतीत तो 1 च्या आसपास येतो, चौकड्यांच्या मोठ्या जाळ्यात 2 च्या जवळ जातो. उपनगरी भागाला किमान 1.4, दाट भागाला 1.6 अशी अट होती.

कागदावर नेटके, पण निव्वळ अंक पाहिला तर तो फसवा. वसाहतीच्या आतच चार वळणे एकमेकांना जोडली तरी निर्देशांक वर चढतो, शेजाऱ्याशी एकही नवी वाट न उघडता. उलट डोंगरउताराच्या किंवा ओढ्याकाठच्या जमिनीवर अट पाळणे जिकिरीचे होई. विकासकांनी कुरकुर केली, रहिवाशांनी आपापल्या गल्लीच्या शांततेचा दाखला दिला, आणि 2011 साली झालेल्या दुरुस्तीत निर्देशांक काढून टाकला गेला. त्याजागी एकाहून अधिक दिशांना जोडणी हवी, अशी साधी अट राहिली. ही माघार होती असे अनेक जण म्हणतात. मला ती सुधारणा वाटते, कारण प्रश्न मुळात बाहेर उघडणाऱ्या वाटांचा होता, आतल्या चौकांचा नव्हे.

या वादात हमखास येणारा दुसरा पाहुणा म्हणजे 1968 सालचा एका जर्मन गणितज्ञाचा विरोधाभास. पाठ्यपुस्तकातले उदाहरण असे : 4,000 गाड्या, दोन समान मार्ग, प्रत्येकाला 65 मिनिटे. मधे शून्य वेळेचा जोडरस्ता टाकला, की प्रत्येक जण आपापला फायदा पाहून तोच धरतो आणि सगळ्यांना 80 मिनिटे लागतात. हिशेब अचूक आहे. पण त्यासाठी मार्गांची रचना अगदी विशिष्ट असावी लागते, आणि गल्लीच्या टोकाचा दोनशे मीटरचा तुकडा त्यात सहसा बसत नाही.

त्यापेक्षा उपयोगी आरसा रस्ते बंद केल्याच्या किंवा त्यांवरची मोटारींची जागा कमी केल्याच्या अनुभवांचा आहे. 1998 साली झालेला आणि 2002 मध्ये वाढवलेला अभ्यास 11 देशांतल्या 70 हून अधिक उदाहरणांचा होता. तो रस्ता आणि आसपासचे पर्यायी रस्ते मिळून जी घट दिसली, ती त्या रस्त्यावरच्या आधीच्या वाहतुकीच्या सरासरी 22 टक्के भरली. मध्यक, म्हणजे सगळे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, मात्र 11 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे थोड्या टोकाच्या उदाहरणांनी सरासरी वर ओढली होती. रस्ता बंद केल्यावर काही फेऱ्या विरून जातात, तर उघडल्यावर काही नव्याने उगवणारच. किती, हे आजूबाजूला आधी किती कोंडी होती त्यावर ठरते.

मोटारीला तोडून चालणाऱ्याला जोडायचे, हा तिसरा मार्ग नेदरलँड्सने घेतला. ग्रोनिंगेनमध्ये 1977 साली शहराच्या मध्यभागाचे चार भाग केले गेले. एका भागातून दुसऱ्यात मोटारीने जायचे तर आधी बाहेरच्या वळणरस्त्यावर यायचे. सायकल सरळ जाते. जोडरस्त्याच्या तोंडाशी खुंट ठोकणे हे त्याचेच छोटे रूप. अग्निशमनाची गाडी मात्र आत जायला हवी. अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या नमुना अग्निसंहितेत 30 हून जास्त घरांना एरवी दोन वाटा मागितल्या जातात, त्यामुळे काढता येणारे खुंट किंवा कुलपाचे फाटक हा बऱ्याचदा तडजोडीचा शेवट ठरतो.

फोनवरच्या नकाशांनी हे सारे जुने केले. पूर्वी आडवाट माहीत असणे हे स्थानिकांचे भांडवल होते, आता ते अनोळखी माणसाच्याही खिशात आहे. न्यू जर्सीतले लिओनिया हे गाव न्यूयॉर्कला जाणाऱ्या मोठ्या पुलाच्या तोंडाशी आहे. तिथे जानेवारी 2018 मध्ये सुमारे 60 रस्ते गर्दीच्या वेळी परक्यांना बंद झाले आणि दंड 200 डॉलरचा ठरला. आपला कोण आणि परका कोण, हे ओळखण्यासाठी रहिवाशांना गाडीत लटकवायला पिवळे टॅग दिले. त्याच वर्षी न्यायालयाने ही बंदी रद्द केली, कारण राज्याच्या वाहतूक खात्याची मंजुरीच घेतलेली नव्हती. पिवळ्या टॅगची हद्द कुठवर असावी, या प्रश्नाचा निकाल त्यातून लागला नाही.