जलसंजीवनीतली साखर कशासाठी?

जुलाब झालेल्याला मीठ-साखरेचं पाणी पाजताना घरोघरी एक समजूत असते: मीठ असतं ते अंगातून गेलेले क्षार भरून काढायला, आणि साखर असते ती ताकद यायला. मिठाचं बरोबर आहे, साखरेचं नाही. एक लिटर पाण्यात मिसळायच्या ओआरएसच्या, म्हणजे जलसंजीवनीच्या पाकिटात ग्लुकोज जेमतेम १३.५ ग्रॅम असतं. एवढ्यानं कसली ताकद येणार? ती साखर असते मिठाला आतड्यातून आत नेण्यासाठी. ही गोष्ट कळायला विज्ञानालाही विसावं शतक निम्मं उलटावं लागलं.

लहान आतड्याच्या पेशींच्या आवरणात एसजीएलटी-१ नावाचं प्रथिन बसलेलं असतं. दोन वेगळे पदार्थ एकदमच पेशीत घेणाऱ्या अशा प्रथिनांना सहवाहक म्हणतात. मिठातल्या सोडियमचे दोन आयन (विद्युतभारित कण) आणि ग्लुकोजचा एक रेणू येऊन बसले की त्याचं बाहेरचं तोंड मिटतं, आतलं उघडतं आणि तिघेही पेशीत उतरतात. या कामाला लागणारा जोर येतो पेशीच्या दुसऱ्या बाजूच्या पंपाकडून. हा पंप ऊर्जा खर्चून सोडियम सतत बाहेर टाकतो. त्यामुळे आत सोडियम कमी राहतं, बाहेरच्याला आत यायची ओढ असते आणि त्या ओढीवर साखरही आत येते. मागोमाग पाणी येतं. पंप १९५७ मध्ये डेन्मार्कच्या येन्स स्काऊ यांनी दाखवला. त्यासाठी त्यांना १९९७ मध्ये नोबेल मिळालं. सोडियम आणि साखर जोडीनं आत जातात ही कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी ऑगस्ट १९६० मध्ये प्रागच्या परिषदेत मांडली.

क्रेन यांना आतडं साखर कशी शोषतं एवढंच शोधायचं होतं. त्यांचं उत्तर कामी आलं ते पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या साथीत.

पटकीचे जंतू आतड्यात विष सोडतात, हे १९५९ मध्ये कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी सिद्ध केलं होतं. त्या विषामुळे आतड्याच्या पेशींमधली क्लोराइडची (मिठातल्या दुसऱ्या घटकाची) दारं उघडीच राहतात. गंमत म्हणजे तिथे क्लोराइडचा पुरवठा करणारं प्रथिनही सहवाहकच: ते रक्ताच्या बाजूनं सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराइड एकत्र उचलतं. क्लोराइडपाठोपाठ सोडियम आणि पाणी आतड्यात ओतलं जातं. रोगी तासाला एक लिटरपर्यंत पाणी गमावू शकतो, डोळे खोल जातात, बोटांची कातडी सुरकुतते. नुसतं मिठाचं पाणी पाजलं तर तेही वाहून जातं. पण एसजीएलटी-१ ला हे विष हात लावत नाही. ती एक वाट शाबूत राहते, फक्त तिला साखर लागते.

कोलकात्याच्या हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी १९५३ मध्येच १८६ रुग्णांना मीठ आणि ग्लुकोजचं पाणी पाजून बरं केल्याचं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं होतं. त्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही, याची मला आजही हळहळ वाटते. १९६८ मध्ये ढाक्यात डेव्हिड नलिन आणि रिचर्ड कॅश यांनी दाखवलं, की असं पाणी पाजल्यास सलाइनची गरज सुमारे ८० टक्क्यांनी घटते.

खरी परीक्षा झाली १९७१ मध्ये, पश्चिम बंगालच्या सीमेवरच्या बनगावात. बांगलादेशच्या युद्धातून पळून आलेल्या निर्वासितांत पटकी पसरली होती. डॉ. दिलीप महालनबीस गेले तेव्हा खाटा भरून रुग्ण जमिनीवर होते. सलाइन लावायला विष्ठा आणि उलट्यांत गुडघे टेकावे लागत. सलाइन संपत आलं. मग कोलकात्यात लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा या प्रमाणात पुड्या बांधल्या गेल्या. छावणीत पिंपात पाणी कालवलं जाई आणि नातेवाईक पेले भरून नेऊन आपल्या माणसाला पाजत. आधी मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते तीन हजारांहून अधिक रुग्णांत ३.६ टक्क्यांवर आलं. डॉक्टरांना पद्मविभूषण मिळालं ते २०२३ मध्ये, मृत्यूनंतर.

म्हणून प्रमाणाला एवढं महत्त्व. घरी करायचं तर एक लिटर पाण्यात चहाच्या चमच्यानं सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. साखर जास्त झाली तर ती आतड्यातच राहून उलट पाणी खेचते. म्हणूनच जुलाबात गोड शीतपेयं देऊ नयेत. कोकणातली मीठ घातलेली भाताची पेज मात्र याच वाटेनं काम करते, कारण तांदळाच्या पिठूळ भागाचं आतड्यात ग्लुकोजच होतं.

काही मोजक्या बाळांत एसजीएलटी-१ जन्मतःच बिघडलेलं असतं. आईच्या पहिल्या दुधापासून त्यांना जीवघेणे जुलाब होतात. दुधातल्या साखरेऐवजी फळांतली साखर, फ्रुक्टोज, दिली की थांबतात, कारण तिचं दार वेगळं आहे.

याच कुळातलं एसजीएलटी-२ मूत्रपिंडात असतं. मूत्रपिंडं रोज सुमारे १८० ग्रॅम ग्लुकोज गाळतात आणि त्यातलं बहुतेक सगळं हे प्रथिन परत रक्तात घेतं. १८३५ मध्ये सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून फ्लोरिझिन नावाचा कडू पदार्थ काढला गेला. १८८६ मध्ये योझेफ फॉन मेरिंग यांना दिसलं, की तो दिला की लघवीतून साखर जाते. तो एसजीएलटी-१ आणि एसजीएलटी-२ ही दोन्ही दारं अडवत होता, म्हणून औषध म्हणून चालला नाही. फक्त दुसरं दार अडवणाऱ्या गोळ्या, डापाग्लिफ्लोझिन वगैरे, २०१२ पासून आल्या. मधुमेहासाठी आलेल्या या गोळ्या निकामी होत चाललेल्या हृदयाला आणि मूत्रपिंडालाही जपतात, अगदी मधुमेह नसलेल्यांतही.

ही गोळी घेणाऱ्याला जुलाब-उलट्या लागल्या, तर ती काही दिवस थांबवायची का हे डॉक्टरांना लगेच विचारावं. गोळी लघवीतून पाणी घालवत राहते. शिवाय खाणं बंद असताना रक्तात आम्ल साठू शकतं, तेही ग्लुकोमीटरवर साखर फारशी वाढलेली दिसत नसताना.