शून्य आणि फ्लॅग यांच्यामधला अर्धा सेकंद : अमेरिकन प्रो फुटबॉलमधल्या घड्याळाची पार्श्वभूमी

प्ले क्लॉकवर (पुढचा प्ले सुरू करायला मिळणारे सेकंद मोजणाऱ्या घड्याळावर) शून्य आलाय, बॉल अजून तो मागे देणाऱ्या सेंटरच्या हाताखालीच, आणि दंडाचा फ्लॅग काही पडत नाही. दर रविवारी कुठल्या ना कुठल्या मॅचमध्ये हे होतं आणि दर सोमवारी तेच भांडण, की रेफरी विकले गेलेत का आंधळे झालेत. दोन्ही नाही हो, पद्धतच तशी आहे. सगळ्यात मागे मधोमध जो बॅक जज उभा असतो त्याला एकाच वेळी दोन ठिकाणी बघायचं असतं, पलीकडच्या टोकाला भिंतीवर लावलेलं घड्याळ आणि इकडे जमिनीवरचा बॉल. त्याला शिकवलेलं असं की आधी घड्याळ बघ, शून्य दिसला की नजर खाली बॉलवर आण, बॉल तोवर हलला असेल तर सोडून दे, नसेल तर फ्लॅग टाक. आता नजर वरून खाली यायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ क्वार्टरबॅकला, म्हणजे प्ले चालवणाऱ्या खेळाडूला, फुकट मिळतो. कुणाला अर्धा सेकंद, कुणाला एक, ज्याची मान जशी फिरेल तसं. आणि आपण टीव्हीवर कोपऱ्यात बघतो ते आकडे म्हणजे अधिकृत घड्याळ नव्हेच, पण हे चिडलेल्या माणसाला कोण सांगणार.

या 'शून्य म्हणजे नक्की काय' भानगडीची सगळ्यात गाजलेली मॅच २०२१ च्या सप्टेंबरमधली, डेट्रॉईटला, पाहुणे बाल्टिमोरचे. डेट्रॉईट १७-१६ ने पुढे, शेवटचे ७ सेकंद. बाल्टिमोरच्या स्नॅपच्या, म्हणजे बॉल मागे देऊन प्ले सुरू करायच्या, वेळी प्ले क्लॉक शून्यावर येऊन जवळजवळ दोन सेकंद तसाच बसलेला, दोन सेकंद म्हणजे मान फिरवायला लागतात त्यापेक्षा खूपच जास्त, तरी फ्लॅग नाही. तो पास बाहेर गेला, ३ सेकंद उरले, आणि पुढच्या प्लेला ६६ यार्डांची किक, ती खालच्या आडव्या दांड्यावर आपटून वर उडाली आणि पलीकडे पडली, तेव्हाचा विक्रम. १९-१७, बाल्टिमोर जिंकलं. फ्लॅग पडला असता तर ५ यार्ड मागे म्हणजे ७१ यार्डांवरून मारावी लागली असती. पोचली नसती असं मी म्हणणार नाही, पण दांड्यावर आपटलेली किक अजून ५ यार्ड कुठून आणणार ते मला कळत नाही.

मुळात प्ले क्लॉक हे प्रकरण असं काटेकोर नव्हतंच. आधी हिशोब ३० सेकंदांचा होता, आणि तो मागचा प्ले संपल्यापासून नाही तर रेफरीने 'बॉल तयार' अशी शिट्टी मारून हात फिरवल्यापासून. म्हणजे रेफरी चपळ असेल तर मॅच पळायची, आरामात चालणारा असेल तर रांगायची. मैदानात सगळ्यांना दिसतील अशी दोन घड्याळं लावायचं लीगने, म्हणजे एनएफएलने, १९७६ ला ठरवलं, पण सुरुवात कधी करायची ती किल्ली रेफरीच्याच खिशात राहिली. पुढे असलेल्या टीमला सावकाश रेफरी मिळाला की तिचं फावायचं, कारण मॅचचं मुख्य घड्याळ चालू आणि प्ले क्लॉक अजून सुरूच नाही. १९८८ ला हे बदललं, मागचा प्ले संपला की तिथूनच ४५ सेकंद, आणि १९९३ पासून ४०. दंड वगैरे होऊन खेळ थांबला असेल तर २५. माझ्या मते रेफरीच्या हातातून सगळ्यात मोठी सत्ता गेली ती या एका बदलाने. रीप्लेने (व्हिडिओ परत बघून निर्णय तपासण्याने) नाही गेली. लोक कायम रीप्लेचं नाव घेतात.

स्वभाव मात्र कुठे जाणार, तो माईकमधून बाहेर आला. १९७५ पासून रेफरीच्या कमरेला वायरलेस माईक आहे. टेक्सासचा एक विमा व्यवसायातला रेफरी नुसतं 'फर्स्ट डाऊन' (टीमला नव्याने प्रयत्न मिळाले) एवढं म्हणताना 'डाऊन' असा ताणायचा की प्रेक्षक त्याच्याबरोबर ओरडायचे. ॲरिझोनाचा एक वकील, हाताचे दंड म्हणजे शर्टाच्या शिवणी उसवतील असे, तो साध्या होल्डिंगचासुद्धा (समोरच्याला धरून ठेवण्याच्या चुकीचा) निकालपत्र वाचल्यासारखा खुलासा करायचा. आणि १९८६ मध्ये एकाने अधिकृत माईकवरून सांगून टाकलं की क्वार्टरबॅकला पाडल्यावर हा गडी त्याला खाली चांगला प्रसाद देत होता, १५ यार्ड. रूलबुकात असा काही गुन्हा लिहिलेला नाही, पण स्टेडियममधल्या शेवटच्या माणसालाही कळलं काय झालं ते.

जुनं वाचताना एक घोळ नेहमी होतो तो इथेच सांगतो. १९९८ च्या आधीच्या बातम्यांमधला 'फील्ड जज' म्हणजे आजचा बॅक जज, आणि तेव्हाचा 'बॅक जज' म्हणजे आजचा फील्ड जज. कॉलेज फुटबॉलवाल्यांशी नावं जुळावीत म्हणून लीगने त्या वर्षी दोन्ही नावांची अदलाबदल केली, माणसं आपापल्या जागीच उभी. त्यामुळे ऐंशीच्या दशकातली एखादी मॅच काढून कोणी म्हणतं बघा तेव्हा हे काम बॅक जज करत नव्हता, तेव्हा समजायचं की याला अदलाबदल माहीत नाही. हेड लाइन्समनचंही २०१७ ला डाऊन जज झालं, पण त्याने निदान कोणाशी नावाची अदलाबदल केली नाही.

फार मागे गेलं तर भिंतीवरचं घड्याळ शोभेपुरतंच असायचं, खरी वेळ मैदानातल्या एका ऑफिशियलच्या हातातल्या घड्याळात. टीमना अंदाज यावा म्हणून दोन मिनिटं उरली की सांगायचं, हा टू-मिनिट वॉर्निंग १९४२ चा. १९६० ला आलेल्या प्रतिस्पर्धी लीगने स्कोअरबोर्डवरचंच घड्याळ अधिकृत धरलं, आणि दोन्ही लीग एक झाल्यावर १९७० पासून सगळीकडे तेच. म्हणजे वॉर्निंगचं कारण तेव्हाच संपलं, वॉर्निंग नाही संपली, कारण तोवर त्या जागी जाहिराती बसल्या होत्या. कॉलेजवाल्यांनी २०२४ ला ती उचलली ती टू-मिनिट टाइमआउट या नावाने, वॉर्निंग शब्दच काढून टाकला. प्रामाणिकपणा म्हणतात तो हा.

आता दहा सेकंदांकडे येतो, कारण खरी आग तिथे आहे. मागे असलेल्या टीमने शेवटच्या क्षणी मुद्दाम चूक करून घड्याळ थांबवू नये म्हणून दंडाबरोबर घड्याळातून १० सेकंद कापायचे, ही मूळ कल्पना, आणि त्यात वावगं काही नाही. कॉलेजला हे नव्हतं, २०१० च्या डिसेंबरमध्ये टेनेसीविरुद्धच्या एका बोल मॅचमध्ये (हंगाम संपल्यावरच्या खास मॅचमध्ये) नॉर्थ कॅरोलायनाची माणसं मैदानावर जास्त असतानाच स्नॅप झाला, दंड झाला, घड्याळ थांबलं, त्यांनी किक मारून बरोबरी केली आणि ओव्हरटाइममध्ये मॅचही नेली. पुढच्या वर्षी कॉलेजमध्येही नियम आला. इथवर ठीक. गोची झाली ती हेच १० सेकंद रीप्लेला लावल्यावर.

२४ सप्टेंबर २०१७, परत डेट्रॉईटच, समोर अटलांटा. (आपल्याकडे रात्री साडेदहाला सुरू होणारी मॅच, संपेपर्यंत घरात मी एकटाच जागा.) डेट्रॉईट २६-३० ने मागे, घड्याळ थांबवायला टाइमआउट एकही शिल्लक नाही. गोल लाइनजवळ पास पकडला, ऑफिशियलचे दोन्ही हात वर, टचडाऊन, म्हणजे डेट्रॉईट पुढे, घड्याळात ८ सेकंद. स्टेडियम डोक्यावर घेतलेलं. मग रीप्ले. त्यात दिसलं की रेषेच्या अर्धा-एक फूट अलीकडे त्याचा गुडघा टेकलाय आणि त्याच वेळी बचाव करणाऱ्याचा हात त्याला लागलाय. म्हणजे टचडाऊन नाही, आणि तो मैदानाच्या आत पडलाय म्हणजे घड्याळ चालूच राहायला हवं होतं. नियम काय, तर शेवटच्या दोन मिनिटांत रीप्लेने निर्णय फिरला आणि बरोबर निर्णयात घड्याळ चालू राहिलं असतं तर १० सेकंद कापा. शिल्लक ८. आठातून दहा. मॅच खलास, सगळे घरी.

नियम बरोबर लावला होता याबद्दल दुमत नाही. बाजू घेणारे म्हणतात, ऑफिशियलने आधीच बरोबर निर्णय दिला असता तर ८ सेकंदांत ढिगाऱ्यातून उठून, रांग लावून पुढचा स्नॅप घेणं डेट्रॉईटला जमलंच नसतं, मग रीप्लेमुळे त्यांना फुकटची विश्रांती का द्यायची. मुद्दा आहे. आणि पुढे २०२२ च्या जानेवारीत डॅलसने तो जवळजवळ सिद्धच करून दाखवला, सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध प्लेऑफमध्ये, १७-२३ ने मागे, १४ सेकंद, टाइमआउट नाही, आणि क्वार्टरबॅक स्वतः मधून १७ यार्ड पळाला. पळून झाल्यावर बॉल त्याने सेंटरला दिला. पण ऑफिशियलने जागेवर ठेवल्याशिवाय बॉल चालत नाही, अंपायर मागून धावत येतोय, वाटेत यांचीच माणसं उभी, तो त्यांच्यात धडकत घुसला, बॉल ठेवला, आणि स्नॅप होईपर्यंत शून्य. १४ सेकंद पुरले नाहीत.

फक्त डॅलसला अंपायर १७ यार्ड मागून यायचा होता. डेट्रॉईटच्या वेळी सगळं रेषेपासून हातभर अंतरावर चाललं होतं, बावीसच्या बावीस माणसं जवळपास तिथेच, आणि घड्याळ थांबवलं होतं ते ऑफिशियलने, खेळाडूंनी नाही. हात वर झाल्यावर कोण कशाला रांगेत उभं राहील? १७ यार्ड पळालेल्याला लागणारा वेळ आणि एक फूट सरकायला लागणारा वेळ दोन्हीला नियमात आकडा एकच आहे, दहा.