पीएम स्वनिधी: कर्जाच्या अर्जाआधी शिफारस पत्राचं बघा

हा मजकूर हातगाडी लावणाऱ्या आईवडिलांसाठी आहे, पण वाचणार आहे ती बहुधा घरातली कॉलेजला जाणारी मुलगी किंवा मुलगा. अर्ज तुम्हीच भरणार आहात, तेव्हा तुमच्याशीच बोलतो.

२४ मार्च २०२० च्या रात्री लॉकडाऊन जाहीर झाला आणि दुसऱ्या दिवसापासून भाजीपाला वगळता रस्त्यावरचा जवळपास सगळा धंदा थांबला. ज्यांचं भांडवलच हजारपाचशेचं, त्यांनी ते दोन महिन्यांत खाऊन संपवलं. पुन्हा गाडी लावायची तर माल कशाने भरायचा, या अडचणीवर केंद्राने १ जून २०२० ला पीएम स्वनिधी योजना आणली. तेव्हा पहिलं कर्ज १०,००० रुपयांचं होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने योजनेला ३१ मार्च २०३० पर्यंत मुदत दिली आणि रकमा वाढवल्या. आता पहिलं कर्ज १५,००० पर्यंत, ते फेडल्यावर दुसरं २५,००० पर्यंत आणि तिसरं ५०,००० पर्यंत. तारण लागत नाही.

कोणाला मिळतं?

शहरात रस्त्यावर बसून किंवा फिरून विकणाऱ्या कोणालाही. भाजी, फळं, वडापाव, चहा, कपडे, चपला, खेळणी. चांभारकाम, इस्त्री, केशकर्तन अशी सेवा देणारेही यात येतात. शेजारच्या गावातून रोज सकाळी शहरात येऊन विकणाऱ्यालाही हक्क आहे, हे अनेकांना माहीत नसतं. पक्क्या गाळ्यातल्या दुकानासाठी मात्र ही योजना नाही.

खरी मेख पुढे आहे. अर्ज अडतो तो बहुतेकदा बँकेत पोचण्याच्या आधीच, ‘तुम्ही पथविक्रेते आहात हे कशावरून?’ या प्रश्नावर. त्याची उत्तरं तीन.

महापालिकेने किंवा नगरपालिकेने दिलेलं विक्री प्रमाणपत्र किंवा ओळखपत्र असेल तर प्रश्नच मिटला. पालिकेच्या सर्वेक्षणात नाव आहे पण कार्ड हातात आलं नाही, असं असेल तर पीएम स्वनिधीच्या पोर्टलवर यादीत नाव शोधा, सर्वेक्षण क्रमांक टिपून घ्या. त्यावर तात्पुरतं प्रमाणपत्र निघतं. नाव यादीतच नसेल, किंवा धंदा सर्वेक्षणानंतर सुरू केला असेल, तर पालिकेकडून किंवा नगर पथविक्रेता समितीकडून शिफारस पत्र घ्यावं लागतं.

शिफारस पत्राची मागणी त्याच पोर्टलवर ऑनलाइन करता येते. सोबत काय जोडाल? पालिकेच्या रोजच्या वसुलीच्या पावत्या, पथारी किंवा फेरीवाला संघटनेचं सदस्यत्व कार्ड, धंद्यासाठी आधी घेतलेल्या कर्जाचा कागद, लॉकडाऊनमध्ये विक्रेता म्हणून मदत मिळाली असेल तर त्याचा पुरावा. यातलं एक चाललं तरी पुरे. काहीच नसेल तर साध्या कागदावर पालिकेला अर्ज द्या की जागेवर येऊन चौकशी करा. नियमाप्रमाणे १५ दिवसांत निर्णय अपेक्षित आहे. प्रत्यक्षात दोनतीन खेपा घालाव्या लागतात, म्हणून अर्जाच्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

रोजची पावती आपण बोळा करून फेकतो. आजपासून एका पिशवीत टाकत जा. एप्रिल २०२१ मध्ये निर्बंध लागले तेव्हा राज्य सरकारने फेरीवाल्यांना १,५०० रुपये जाहीर केले, पण ते नोंदणीकृत फेरीवाल्यांना. शेजारी शेजारी उभ्या दोन गाड्या, एकाच दिवशी बंद पडलेल्या. नोंद नसलेल्याचा त्या मदतीत हिशेबच नव्हता.

कागदपत्रं आणि अर्ज

आधार कार्ड, मतदार ओळखपत्र, बँक पासबुक, फोटो आणि वर सांगितलेला विक्रेता असल्याचा कागद. आधारला चालू मोबाइल नंबर जोडलेला हवा, कारण ओटीपी त्यावरच येतो. नंबर बदलला असेल तर आधी आधार केंद्रात जा, अर्ज नंतर. सर्वेक्षणात ‘लक्ष्मीबाई’ आणि आधारवर ‘लक्ष्मी’ असा फरक असेल तर तोही आधीच निस्तरा. नंतर बँकेत जास्त वेळ जातो.

मग पोर्टलवर अर्ज भरून कोणत्या बँकेत पाठवायचा ते निवडायचं. जिथे खातं आहे ती शाखा निवडलेली बरी. स्वतः जमत नसेल तर आपले सरकार सेवा केंद्र, बँकेची शाखा किंवा पालिकेत पथविक्रेत्यांचं काम बघणारा कक्ष यांपैकी कुठेही जाता येतं. ‘मंजूर करून देतो, हजार द्या’ म्हणणारा एजंट भेटेलच. त्याला चहा पाजा, पैसे देऊ नका.

फेड आणि अनुदान

व्याज बँकेच्या दराने लागतं, पण वेळेवर हप्ते भरणाऱ्याला ७ टक्के व्याज अनुदान दर तिमाहीला खात्यात परत मिळतं. समजा दर १२ टक्के आहे आणि १५,००० वर्षात फेडायचे आहेत. हप्ता साधारण १,३३३ रुपये, वर्षाचं व्याज हजाराच्या आत, त्यातले ५८० च्या आसपास परत. आता बाजारातला सकाळचा सावकार आठवा: पहाटे ९०० हातात, रात्री १,००० परत. तिथे दहा दिवसांत जेवढं व्याज जातं, तेवढं इथे वर्षभरात जात नाही.

महिन्याला २६ दिवस धंदा धरला तर हप्त्यासाठी रोज ५२ रुपये बाजूला पडले पाहिजेत. गल्ल्यात नको, वेगळ्या डब्यात. मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. हप्ते थकून खातं बुडीत गेलं तर अनुदान बंद होतं आणि पुढच्या मोठ्या कर्जाचं दारही बंद होतं. आजारपण आलं तर हप्त्याची तारीख उलटायच्या आत शाखेत जाऊन सांगा. नंतर सांगण्याला फारशी किंमत राहत नाही.

क्यूआर कोडवर पैसे घेतले आणि घाऊक मालाचे पैसेही डिजिटल दिले तर मिळून १,६०० रुपयांपर्यंत कॅशबॅक आहे. दुसरं कर्ज फेडणाऱ्याला यूपीआयला जोडलेलं रुपे क्रेडिट कार्डही मिळू शकतं. माझं मत विचाराल तर ते कार्ड घाईने घेऊ नका. हप्ता डोळ्यांना दिसतो, कार्डाचं बिल दिसत नाही.

खाण्याची गाडी असेल तर अन्न सुरक्षेची नोंदणी याच फेरीत करून टाका.

स्वनिधी घेणाऱ्या कुटुंबांना इतर सरकारी योजनांशीही जोडतात. त्यातल्या दोन मागून घ्या: जीवन ज्योती विमा वर्षाला ४३६ रुपये आणि अपघाताचा सुरक्षा विमा २० रुपये, दोन्हींचं संरक्षण प्रत्येकी २ लाखांचं. हप्ता मे अखेरीस खात्यातून आपोआप कापला जातो. त्या आठवड्यात खात्यात ५०० रुपये शिल्लक आहेत ना, एवढं आईच्या फोनवर बघून ठेवा.