पिस्तुलाची सेफ्टी : जागा आणि दिशा

सेफ्टी म्हणजे अर्धस्वयंचलित, म्हणजे दर बारानंतर पुढची गोळी आपोआप भरणाऱ्या, पिस्तुलातून नको तेव्हा बार निघू नये म्हणून बसवलेली, अंगठ्याने लावायची आणि काढायची कळ. ती कुठे असावी याची उत्तरे मुख्यतः दोन आहेत. एक, फ्रेमवर, म्हणजे मुठीच्या वर मागच्या बाजूला. दुसरे, स्लाइडवर, म्हणजे प्रत्येक बाराबरोबर मागेपुढे होणाऱ्या वरच्या भागावर.

कोकणात पिस्तूल विरळा. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे, आणि वानर-रानडुकरांपासून आंबा, काजू, भात सांभाळणाऱ्यांच्या परवान्यावर बहुधा तीच असते, नाहीतर बारा बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या रुंदीचे माप). ठासणीच्या बंदुकीला वेगळी सेफ्टी नसते. घोडा अर्धा चढवून ठेवला की झाले. दुनळीची सेफ्टी दस्त्याच्या माथ्यावर असते आणि अंगठ्याने पुढे सरकवली की बार मोकळा होतो. हे वळण एकदा अंगठ्याला लागले की पिस्तूल हाती घेणाऱ्याला सगळेच थोडे उलटे वाटते. पिस्तूल परवान्यावर मिळालेच तर ते साधारणपणे .३२ बोअरचे; ९ मिमी हे प्रतिबंधित बोअर असल्याने पोलीस आणि सैन्याकडेच दिसते.

फ्रेमवरच्या सेफ्टीचे जुने आणि आजही आदर्श मानले जाणारे उदाहरण म्हणजे जॉन ब्राउनिंग यांचे १९११ चे कोल्ट. कळ वर असताना घोडा चढलेला राहतो, त्याला अडवून धरणारी आतली खिटी जखडली जाते आणि स्लाइडही अडते. अंगठा खाली दाबला की पिस्तूल तयार. मूठ आवळताना अंगठा आपोआप खालीच येतो. म्हणून ही दिशा शिकवावी लागत नाही. १९३५ च्या ब्राउनिंग हाय-पॉवरमध्ये आणि तिच्यावरून इच्छापूरच्या रायफल फॅक्टरीत बनणाऱ्या आपल्या ९ मिमी पिस्तुलात हीच पद्धत आहे. मूळच्या हाय-पॉवरची कळ मात्र इतकी बारीक, की ती दाबताना अंगठा शोधत बसतो. जागा बरोबर, आकार चुकलेला.

स्लाइडवर सेफ्टी नेण्याचे कारण वेगळे आहे. घोडा जिच्यावर आपटतो ती फायरिंग पिन स्लाइडमध्येच असते. वाल्थरच्या १९२९ च्या पीपी पिस्तुलात आणि पुढे पी-३८ मध्ये कळ खाली केली की पिनेला अडसर येतो आणि चढलेला घोडाही बार न काढता खाली उतरतो. घोडा सुरक्षित उतरवण्याची ही सोय मोठी आहे. बेरेटा ९२ ची सेफ्टी सुरुवातीला फ्रेमवर होती. इटालियन पोलिसांच्या मागणीवरून ती स्लाइडवर गेली. पण इथे बार मोकळा करायला अंगठा वर ढकलावा लागतो, तेही मुठीवरची पकड थोडी सैल करून. शिवाय मोठा तोटा असा : स्लाइड वरून मुठीत धरून खेचताना हाताच्या रेट्याने कळ खाली जाऊन सेफ्टी नकळत लागू शकते. जुलैतल्या कोकणच्या पावसात, ओल्या हाताने घट्ट धरून खेचताना, हे व्हायला फारसे निमित्त लागत नाही. रशियन मकारोव पिस्तुलाची कळही स्लाइडवरच आहे, पण तिची दिशा उलटी, खाली दाबले की मोकळी. म्हणजे सगळा दोष जागेचा नाही, निम्मा दिशेचा आहे.

घोडा उतरवण्यासाठी कळ स्लाइडवरच हवी, असेही नाही. १९९३ च्या हेकलर अँड कॉखच्या यूएसपीमध्ये फ्रेमवरचीच कळ वर केली की सेफ्टी, मधे असली की बार मोकळा, आणि आणखी खाली दाबली की घोडा उतरतो. डावखुऱ्यांसाठी दोन्ही बाजूंना कळ ठेवण्याची रीतही आता रुळली आहे. १९८२ च्या ग्लॉक १७ ने तर हाताची सेफ्टी काढूनच टाकली आणि चापातच एक पातळ पाते बसवले, जे दाबल्याशिवाय चाप मागे जात नाही. तरीही अमेरिकी लष्कराने २०१७ मध्ये निवडलेल्या एम-१७ पिस्तुलावर दोन्ही बाजूंना अंगठ्याची कळ आहे, आणि ती फ्रेमवर आहे.

किनाऱ्यावर आणखी एक गोष्ट बघावी लागते. कळ ठरलेल्या जागी टचकन बसते ती आतल्या बारीक स्प्रिंग आणि खिळीमुळे. खाऱ्या हवेने ती गंजली की कळ एकतर घट्ट होते, नाहीतर इतकी ढिली की म्यानाच्या घर्षणानेही सरकते. कळीची जागा कोणतीही असो, ही तपासणी हातानेच करायची : पिस्तूल रिकामे, मॅगझीन (गोळ्यांची पेटी) बाहेर, नळीत गोळी नाही हे बघितलेले आणि बोट चापापासून लांब.