राख पांढरी का, करडी का? जुनी गोष्ट आहे

बंबाखालची लाकडाची राख आणि शेगडीतली कोळशाची राख शेजारी शेजारी ठेवून बघा, कोळशाची बहुतेक वेळा जास्त पांढरी निघते. कारण कोळसा करतानाच लाकडातला धूर, डांबर सगळं निघून गेलेलं असतं, मग शेगडीत नुसता कार्बन लालभडक होऊन शेवटपर्यंत जळतो. लाकडाच्या राखेत अर्धवट जळालेले बारीक कण राहतात आणि ते चिमूटभर जरी असले तरी सगळी राख करडी दिसते. राखेचा मूळ रंग पांढराच, कारण ती म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट (खडूत असतं तेच), जोडीला पोटॅशियम कार्बोनेट, थोडं मॅग्नेशियम, सिलिका. लोह जास्त असेल तर तांबूस झाक येते.

हे कळायच्या कितीतरी आधीपासून लोक रंगावरूनच काम चालवत होते. सुश्रुतसंहितेत क्षार करायची कृती आहे, झाडं जाळायची, राख पाण्यात कालवून 21 वेळा गाळायची आणि कढवायची, आणि द्रव तयार झाल्याची खूण काय तर तो स्वच्छ, तांबडा, तीक्ष्ण आणि बुळबुळीत व्हायला हवा. मला ही ओळ फार आवडते, मोजायला काही साधन नव्हतं पण डोळे आणि बोटं किती तयार होती!

पुढे 18व्या शतकात अमेरिकेत जंगलं तोडून शेती करणारे लोक राखेवर पैसे कमवायला लागले. राखेचं पाणी लोखंडी कढईत आटवलं की काळपट क्षार (पोटॅश) उरायचा, तो भट्टीत भाजला की त्यातला कार्बन जळून मोत्यासारखा पांढरा माल मिळायचा, म्हणून नाव पर्ल अ‍ॅश. काच आणि साबणाच्या धंद्यात त्याला मोठी मागणी. सॅम्युअल हॉपकिन्सने डोकं असं लावलं की पाण्यात टाकायच्या आधी कच्ची राखच भट्टीत पुन्हा जाळायची, आणि याच पद्धतीला 31 जुलै 1790 ला अमेरिकेचं पहिलं पेटंट मिळालं, सही जॉर्ज वॉशिंग्टनची.

कधीकधी राख खूप तापवली की हिरवट-निळसर झाक यायची, ती मॅंगनीजमुळे. झाड मुळांतून मॅंगनीज घेतं आणि तापलेल्या क्षारात हवेच्या संपर्कात त्याचं हिरवं मॅंगनेट बनतं. राखेत मॅंगनीज असतं हे स्वीडनच्या कार्ल शेलेने 1774 मध्येच दाखवलं होतं. 1807 मध्ये हम्फ्री डेव्हीने कॉस्टिक पोटॅशमधून (पोटॅशपासून केलेला जास्त तीव्र क्षार) वीज सोडून नवा धातू वेगळा केला, त्याचं पोटॅशियम हे नावही पोटॅशवरूनच, म्हणजे भांड्यातल्या राखेवरून आलं. 1861 पासून जर्मनीत स्टासफुर्टला खाणीतल्या क्षारांपासून पोटॅश बनायला लागलं आणि राखेचा धंदा हळूहळू बसला.

आपल्याकडे कोकणात भाताची फोलपटं जाळून रांगोळी करतात, तिचा पांढरेपणा मात्र सिलिकाचा. आणि इथे आच सांभाळावी लागते, कारण एकदम जोरात पेटलं तर पोटॅशियममुळे सिलिका वितळते, कार्बन तिच्या आत अडकतो, मग ती राख कितीही जाळली तरी काळपटच राहते.