पार्श्वभूमी : संकटानंतर परधर्मीयांचा आधार

आपत्ती आली की धर्मसंस्था मदतीला धावतात, हे जुनेच आहे. पण बहुतेकदा ही मदत आधी आपल्या माणसांपर्यंत पोहोचायची. वेगवेगळ्या धर्मांच्या संस्थांनी एकत्र बसून, ठरवून पुनर्वसनाचे काम करणे त्यामानाने अलीकडचे आहे.

ऑगस्ट १९६९ मध्ये कमिल चक्रीवादळाने अमेरिकेचा मिसिसिपी किनारा उद्ध्वस्त केला. मदत भरपूर आली, पण तिचा मेळ नव्हता. एकीकडे तेच सामान पुन्हा पुन्हा आले, तर दुसरीकडे काहीच पोहोचले नाही. त्यातून १९७० मध्ये स्वयंसेवी संस्थांचे राष्ट्रीय व्यासपीठ उभे राहिले. आज ख्रिस्ती, ज्यू, मुस्लिम आणि बौद्ध संस्था त्यात एकत्र काम करतात.

तरीही एक शंका उरतेच : ही मदत आहे की धर्मप्रसार? संकटग्रस्ताने ती मनात आणली तर त्याला दोष देता येत नाही. १९९४ मध्ये रेडक्रॉस चळवळ आणि मोठ्या मदतसंस्थांनी आचारसंहिता स्वीकारली. मदत केवळ गरज पाहून द्यायची, धार्मिक वा राजकीय भूमिका पुढे नेण्यासाठी वापरायची नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. माझ्या मते पुढच्या सगळ्या सहकार्याचा पाया हाच. श्रीलंकेच्या पूर्व भागात २००६ मध्ये लढाईमुळे विस्थापित झालेल्यांसाठी मुस्लिम एड ही ब्रिटनमधली मदतसंस्था आणि मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या चर्चची मदतसंस्था यांनी खांद्याला खांदा लावून काम केले. पुढच्याच वर्षी दोघींनी लंडनमध्ये रीतसर करार केला.

द्वेषातून झालेल्या हल्ल्याची गोष्ट वेगळी. तिथे इमारत पुन्हा बांधली तरी पुन्हा तिथे जाण्याची भीती राहते. १५ सप्टेंबर १९६३ रोजी बर्मिंगहॅम, अलाबामा इथल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये कू क्लक्स क्लॅन या वंशद्वेषी संघटनेच्या लोकांनी बॉम्ब फोडला, त्यात ४ मुली मारल्या गेल्या. ही बातमी ऐकून वेल्समधले कलावंत जॉन पेट्स यांनी चर्चसाठी रंगीत काचेची खिडकी करून देण्याची तयारी दाखवली. एका वेल्श वृत्तपत्राने वर्गणी सुरू केली आणि अट घातली की कुणीही अर्ध्या क्राउनपेक्षा (त्या काळचे एक लहान ब्रिटिश नाणे) जास्त द्यायचे नाही. कुणा एका श्रीमंताने सगळा खर्च उचलू नये, ही भेट सगळ्या वेल्सची असावी, हा हेतू. १९६५ मध्ये ती खिडकी बसली. तिच्यावरचा ख्रिस्त कृष्णवर्णीय आहे. देणारे आणि घेणारे दोघेही ख्रिस्ती, त्यामुळे हे उदाहरण काटेकोरपणे आंतरधर्मीय नाही. पण द्यावे कसे, हे त्या अटीइतके नेमके क्वचितच कुणी सांगितले असेल.

१९९६ मध्ये अमेरिकेच्या दक्षिण भागात कृष्णवर्णीयांची चर्च जाळली जाऊ लागली, तेव्हा पुनर्बांधणीसाठी प्रोटेस्टंट संघटनांबरोबर कॅथलिक आणि ज्यू संस्थाही उतरल्या. जानेवारी २०१७ मध्ये टेक्ससमधल्या व्हिक्टोरिया गावातली मशीद जळाली, तर तिथल्या मोजक्या ज्यू कुटुंबांनी आपल्या सिनेगॉगची, म्हणजे प्रार्थनास्थळाची, किल्लीच मुस्लिमांच्या हाती दिली. जगभरातून १० लाख डॉलरहून अधिक वर्गणी जमली आणि २०१८ मध्ये नवी मशीद उघडली. पैसा लांबूनही येतो. किल्ली मात्र ओळखीच्या माणसालाच दिली जाते. गावात आधीपासून येणे-जाणे असेल तरच हे इतक्या लवकर घडते.

केवळ सोबतीला उभे राहणे हाही या कामाचा भाग झाला. कोपनहेगनमधल्या सिनेगॉगवर हल्ला झाल्यानंतर, फेब्रुवारी २०१५ मध्ये ऑस्लोतल्या तरुण मुस्लिमांच्या हाकेवर हजाराहून अधिक लोक ऑस्लोच्याच सिनेगॉगपाशी जमले आणि त्यांनी हात धरून साखळी केली. २९ जानेवारी २०१७ रोजी कॅनडातल्या क्युबेक शहरातल्या मशिदीत ६ जणांची हत्या झाली. त्यानंतरच्या शुक्रवारी कॅनडातल्याच टोरांटोत ज्यू आणि इतर धर्मीयांनी मशिदींभोवती तसेच कडे केले. पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये ११ जण मारले गेले, तेव्हा टोरांटोतले मुस्लिम सिनेगॉगभोवती उभे राहिले. आणि मार्च २०१९ मध्ये न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चच्या मशिदींमध्ये ५१ जणांचा बळी गेला, त्या वेळी पिट्सबर्गच्या ज्यू समाजाने तिकडच्या कुटुंबांसाठी निधी उभा केला.