पंक्तीतून उठून टेबलाशी

मराठीत हॉटेलात कुणी राहत नाही; राहायला लॉज असतं. हॉटेल म्हणजे चहा, भजी, मिसळ, राइस प्लेट. एसटी स्टँडसमोरची पत्र्याची शेडही हॉटेलच. परका शब्द उचलताना आपण त्यातली खाट काढून टाकली आणि ताट तेवढं ठेवलं. मुक्कामाची सोय आपल्याकडे होतीच: धर्मशाळा होत्या, देवळांच्या ओवऱ्या होत्या, कुणाचा तरी मेहुणा त्या गावात असायचाच. नव्हती ती एकच सोय. अनोळखी हातांनी रांधलेलं, अनोळखी माणसाच्या शेजारी बसून, पैसे मोजून खायचं, हे कुणाला जमण्यातलं नव्हतं.

म्हणून बाहेर खाण्याचा इतिहास सांगताना वडापाव कुणी शोधला आणि खरी मिसळ कुठली, यावर गाडी अडते तेव्हा मला जरा चुकल्यासारखं वाटतं. पदार्थ नंतर आले. आधी पंक्ती मोडली.

घरातल्या पंक्तीत कोण बसणार, कोण वाढणार, कुणाचं पान वेगळं मांडायचं हे ठरलेलं असे. रोटीव्यवहार आणि बेटीव्यवहार हे शब्द जोडीनेच उच्चारले जात, यावरून जेवणाला किती वजन होतं ते कळतं. भात-आमटीचे नियम कडक, फराळाचे त्या मानाने सैल. प्रवासाला निघताना दशम्या करत, कारण पाण्याऐवजी दुधात भिजवलेली कणीक सोवळ्याच्या हिशेबात चालून जाई. पुढे मध्यमवर्गीय वस्तीत खाण्याची दुकानं निघाली तेव्हा त्यांनी ‘उपाहारगृह’ हे नाव घेतलं, त्यातही ही मखलाशी दिसते. उपाहार म्हणजे फराळ. इथे जेवत नाही हो, नुसता फराळ करतो, असं सांगायला जागा राहायची.

1890 साली पुण्यात जे झालं त्यावरून या नियमांची धार लक्षात येते. ऑक्टोबरमध्ये पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये एक व्याख्यान झालं, त्यानंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटं आली. न्यायमूर्ती रानडे, टिळक, गोखले अशी मंडळी तिथे होती. कुणी चहा प्यायलं, कुणी कप नुसता हातात घेऊन बाजूला ठेवला असं सांगतात. पण डॉ. आनंदीबाईंचे यजमान गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली आणि गावात ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचं प्रकरण, उभं राहिलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. टिळकांनी काशीत प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं, रानड्यांनी 1892 मध्ये घेतलं आणि सुधारकांचे टोमणे ऐकले. कपभर चहाची ही किंमत, तीही पुढे हायकोर्टात बसलेल्या न्यायाधीशाला.

मुंबईची डबेवाल्यांची व्यवस्था महादू हावजी बच्चे यांनी सुरू केली तीही 1890 च्याच सुमारास. तिचं कौतुक आज वक्तशीरपणासाठी होतं, आणि ते रास्त आहे. पण कचेरीतल्या माणसाला दुपारी घरचंच का हवं होतं? चव हे एक कारण. दुसरं कारण, बाहेरच्या हातचं चालत नव्हतं. डबा म्हणजे घरची पंक्ती फोर्टातल्या टेबलापर्यंत पोचवण्याची युक्ती.

गिरणगावातल्या माणसाला ही चैन परवडणारी नव्हती. 1854 मध्ये कावसजी दावरांनी मुंबईत पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली, दोन वर्षांत ती गिरणी चालू झाली, आणि पुढच्या काही दशकांत परळ-लालबाग-भायखळ्याच्या आकाशात गिरण्यांच्या धुराड्यांची गर्दी झाली. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडून माणसं आली ती एकटी. बायको-पोरं गावी, शेत राखायला. चाळीतल्या एकेका खोलीत पंधरा-वीसजण. पाळीनुसार एकाने उठायचं आणि दुसऱ्याने त्याच वळकटीवर पडायचं. यांना जेवू कोण घालणार?

चाळीतल्याच बायका. कुणी विधवा, कुणाचा नवरा आजारी किंवा दारूत बुडालेला, कुणी स्वतः गिरणीतून कमी झालेली. आपल्याच दहा बाय दहाच्या खोलीत त्या पाच-पंचवीस माणसांचं दोन वेळचं रांधत. पैसे महिन्याच्या पगारावर, किराणा उधारीवर, आणि मधली सगळी ओढाताण बाईच्या अंगावर. ही खरी खानावळ. बोर्ड नाही, टेबल नाही, मेनू नाही. भाकरी, कालवण, भात आणि सणावाराला काहीतरी गोड. पगार उशिरा झाला की मेंबर (जेवणाऱ्याला मेंबरच म्हणत) हात वर करी, पण वाण्याचं व्याज थांबत नसे.

इथेही पंक्ती पुरती मोडली नव्हती हे मान्य करायला हवं. कोकणातल्या एका तालुक्याची माणसं एका खानावळीत, घाटी दुसरीकडे, आणि जातीचा हिशेब असायचाच. आपल्या तिखटाची सवय हे त्याचं सौम्य नाव. गोव्याहून बोटीवर नोकरी शोधायला आलेल्या ख्रिस्ती तरुणांनी धोबीतलावच्या आसपास आपापल्या गावाचे ‘कूड’ (गावकऱ्यांनी मिळून राहायच्या जागा) काढले तेही याच धर्तीवर. मात्र एक गोष्ट बदलली होती. जेवण वाढणारी बाई आता आई, बहीण, बायको नव्हती. तिला पैसे द्यावे लागत होते. रांधणं ही मोल असलेली गोष्ट आहे हे मराठी पुरुषाला प्रथम कळलं असेल तर ते गिरणगावात.

त्या बायकांना मात्र ते मोल पुरतं मिळायला शतक जावं लागलं. गोवा मुक्तिसंग्रामात लढलेल्या आणि नंतर गिरणी कामगारांत काम करणाऱ्या प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. त्यांनी पाहिलं की युनियन आहे ती जेवणाऱ्यांची. जेवण करणारीची कुठेच नोंद नाही. बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं होतं, कर्ज गरिबालाही मिळायचं होतं, पण तारण काय ठेवणार? पातेली? मंडळाने बायकांचे गट केले, एकीने दुसरीची हमी घ्यायची असं ठरलं, आणि सरकारी बँकेचं कर्ज खानावळवालीच्या हातात पडलं. वाण्याची आणि सावकाराची पकड त्यामुळे सैल झाली. ‘मायक्रोफायनान्स’ हा शब्द तेव्हा आपल्याकडे कुणाच्या तोंडी नव्हता.

गिरणगावाबाहेर, शहराच्या नाक्यानाक्यांवर वेगळंच काही घडत होतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस यझ्द आणि केरमानकडून गरिबीला आणि जाचाला कंटाळून निघालेले इराणी मुंबईत उतरले. त्यांनी नाक्यावरच्या जागा घेतल्या. हिंदू दुकानदारांना कोपऱ्याची जागा अशुभ वाटे म्हणून त्या स्वस्तात मिळाल्या, असं सगळेच सांगतात. खरं असो-नसो, दोन रस्त्यांचं गिऱ्हाईक त्यांना मिळालं हे खरं. धोबीतलावची कयानी 1904 ची, बॅलार्ड इस्टेटची ब्रिटानिया 1923 ची, पुण्याचं गुडलक 1935 चं. संगमरवरी टेबलं, लाकूड वाकवून केलेल्या खुर्च्या, भिंतभर आरसे, बरणीतली खारी, ब्रून-मस्का आणि सिंगल चहा.

इराण्याची खरी कामगिरी मेनूत नव्हती. तो कुणाचाच नव्हता, हीच ती कामगिरी. ब्राह्मण नाही, मराठा नाही, गुजराती वाणी नाही. त्याच्या हातचं चालतं की नाही याचं उत्तर कुठल्या पोथीत सापडेना. मग लोकांनी विचारणंच सोडून दिलं. टांगेवाला आणि कारकून एकाच टेबलाला बसले, कारण दुसरं टेबल रिकामं नव्हतं. बायकांसाठी मात्र ‘फॅमिली रूम’: लाकडी आडोसा, नाहीतर पडदा. एकटी बाई त्या पडद्याबाहेर चहा घेत बसलेली दिसायला आणखी बरीच वर्षं गेली, आणि खेड्यातल्या हॉटेलात ती आजही सहसा दिसत नाही.

इराणी हॉटेलांविषयी हल्ली फार हळवं लिहिलं जातं. पैसे टाकले की सगळे सारखे, असा सूर असतो. तो जपून लावावा; बहुतेक इराणी ज्यांचे धर्मबंधू, त्या पारशांचीच एक गोष्ट आठवावी. 1917 मध्ये बडोदे सरकारच्या नोकरीत रुजू व्हायला गेलेल्या डॉ. आंबेडकरांना राहायला जागा मिळेना, म्हणून ते पारशी नाव सांगून एका पारशी धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या पारशी लोकांच्या टोळक्याने त्यांना बाहेर काढलं. पैसे ते देतच होते, पदव्या कोलंबिया विद्यापीठाच्या होत्या. त्यांनी स्वतःच हे लिहून ठेवलं आहे.

कोल्हापुरात साधारण त्याच काळात उलटी गोष्ट घडली. संस्थानच्या पागेत काम करणाऱ्या गंगाराम कांबळे यांना, सवर्णांच्या पाण्याला शिवल्याबद्दल मार बसला. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केलीच, शिवाय कांबळ्यांना भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढायला पैसे दिले. नाव ‘सत्यसुधारक’. स्वच्छता चोख, चहा उत्तम, आणि गिऱ्हाईक नाही. मग महाराजांची गाडी त्या दारात थांबू लागली. ते गंगारामला हाक मारून चहा मागवत, स्वतः पीत आणि बरोबरच्या प्रतिष्ठित मंडळींनाही पाजत. राजाच्या हातून आलेला कप परत कसा करणार? पंचहौदातल्या कपाने पुण्याला हादरवलं त्याला तीसेक वर्षं होत आली होती. इथे तसाच एक कप राजाने मुद्दाम लोकांच्या ओठांशी नेला.

यानंतर रत्नागिरीत 1933 मध्ये सावरकरांनी अखिल हिंदू उपाहारगृह काढलं, त्यात वाढणारेही सर्व जातींचे. पण ही मुद्दाम केलेली कामं. बाजारात रीत वेगळीच होती आणि ती पाट्यांवर वाचता येई: ‘ब्राह्मणाची खानावळ’, ‘हिंदू हॉटेल’. जात उघड लिहिणं ओशाळवाणं वाटू लागलं तेव्हा ‘स्वच्छ’, ‘आरोग्यभुवन’, ‘दुग्धमंदिर’ हे शब्द आले. दादरचं मामा काण्यांचं उपाहारगृह 1910 चं. त्याच्या नावातही ‘स्वच्छ’ आहे. या सगळ्यांनी स्वच्छता पाळली, यात वाद नाही. पण सोवळ्याची भाषा जंतूंच्या भाषेत किती सहज उतरली ते पाहण्यासारखं आहे. ‘शुद्ध शाकाहारी’ या पाटीतलं ‘शुद्ध’ अजून तिथेच बसून आहे.

उडुपी हॉटेलांची वाढ याच फटीतून झाली. मठाच्या स्वयंपाकाची परंपरा, ब्राह्मण आचारी, त्यामुळे सोवळ्याला धक्का नाही. आणि तरीही टेबल-खुर्ची, झटपट, स्वस्त. माटुंग्याला दक्षिणेकडून आलेल्या कारकुनांची वस्ती होती. तिथे हॉटेलात भांडी घासण्यापासून सुरुवात केलेल्या ए. रामा नायक यांनी 1942 मध्ये स्टेशनसमोर उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग थाटलं. केळीच्या पानावर जेवण तिथे आजही मिळतं. मराठी माणूस इडली-डोसा शिकला तो असाच, आणि सांबाराची बादली घेऊन फिरणारा पोऱ्या रात्रशाळेत शिकून पुढे स्वतःचं हॉटेल काढू लागला. पुण्यात त्याच वर्गाची सोय दवे-ओझांच्या अमृततुल्यांनी केली. राजस्थानातून आलेली ही ब्राह्मण मंडळी. दुकानाला देवाचं नाव, पितळी पातेलं, खलबत्त्यात कुटलेली वेलची. पंचहौदाच्या गावात चहा शेवटी ‘अमृततुल्य’ म्हणून पोटात गेला, हा विनोद पुणेकरांनी मुद्दाम केला नसावा.

1950 मध्ये राज्यघटना लागू झाली. तिच्या पंधराव्या कलमात दुकानं आणि सार्वजनिक उपाहारगृहं यांचा नाव घेऊन उल्लेख आहे: तिथे जातीवरून कुणाला अडवता येणार नाही. मूलभूत हक्कांच्या यादीत हॉटेलं कशाला आली, असं कुणाला वाटलं तर त्याने खेड्यातल्या चहावाल्याकडे बाहेर वळचणीला ठेवलेल्या, कान तुटलेल्या कपांबद्दल जुन्या माणसांना विचारावं. तो कप ज्याने प्यायचा त्यानेच विसळून पुन्हा जागेवर ठेवायचा. घटना आल्यानंतरही कित्येक वर्षं ते कप तिथेच होते.

आता वडापाव. दादर स्टेशनबाहेर 1966 मध्ये अशोक वैद्य यांनी वडा पावात घातला, हे सर्वसाधारणपणे मानलं जातं. बटाटेवडा घरचा, उपाहारगृहातला, सोवळ्याच्या फराळात बसणारा. पावाचं तसं नव्हतं. तो पोर्तुगिजांबरोबर गोव्यात आला, तिथले पाववाले, म्हणजे पोदेर, ताडी घालून तो फुगवत. पाव विहिरीत टाकला आणि ते पाणी प्यायलेलं गाव बाटलं, अशा कथा कोकणात घरोघर सांगत. पीठ पायाने तुडवतात म्हणून नाकं मुरडत. ज्या पावाने माणूस बाटायचा त्याच पावात बटाटेवडा बसला आणि लोकल पकडणाऱ्या कुणालाही यात काही वावगं दिसलं नाही. त्यात सोयही होती: पान नको, ताट नको, बसायला जागाच नाही. उभ्याने खाणाऱ्याला शेजारी कोण हे बघायला वेळ नसतो.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि बहुतेकांना परत आत जाता आलं नाही. महिन्याचे मेंबर गेले, पगार गेला, खानावळी आपोआप बसल्या. ज्या घरात बाई खानावळ चालवत होती आणि पुरुष साच्यावर होता, तिथे आता दोघांनी मिळून नाक्यावर कढई मांडली. मुंबईभर वडापावच्या गाड्या फोफावल्या त्यात या घरांचा वाटा मोठा आहे.

सरकारलाही पुढे यात मतं दिसली. 1995 मध्ये शिवसेना-भाजप युतीच्या सरकारने एक रुपयात झुणका-भाकर आणली. केंद्रांसाठी मोक्याच्या जागा वाटल्या गेल्या. योजना बंद पडली, बऱ्याच स्टॉलांवर झुणका जाऊन चायनीज आलं. 26 जानेवारी 2020 पासून दहा रुपयांची शिवभोजन थाळी आली: दोन चपात्या, भाजी, वरण, भात. दोनच महिन्यांत टाळेबंदी लागली, शहरातली सगळी हॉटेलं बंद झाली आणि थाळी पाच रुपयांवर, पुढे काही काळ फुकट झाली. तेव्हा या केंद्रांसमोर चुन्याचे गोल आखले होते, एकेका गोलात एकेक माणूस, हातात पार्सल. जेवायला बसू मात्र कुणालाच देत नव्हते.